गुडघ्यांची जागा

कळवा (पूर्व),
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. रत्नदीप यास,
पप्पांचा सप्रेम जयभीम.

आम्ही तिघं इकडे खुशाल आहोत. तूही पुण्याला वेळेवर जेवत असशील असं धरून चालतो. फोनवर आवाज तरी पोट भरलेल्या माणसाचा येतो.

आधी गेल्या वर्षभरात माझ्या हातून काय काय झालं ते लिहितो. बाळकुमला भावनाबेनच्या, म्हणजे आपली दीप्ती जिथे फार्मासिस्ट आहे त्या मेडिकलचं अख्खं काउंटर, वॉटरप्रूफ प्लायचं, कडेला सागाची पट्टी. त्याच दुकानात औषधांचे उतरते खण. मागून नवा माल टाकला की जुना आपोआप पुढे सरकतो आणि तारीख उलटायच्या आत विकला जातो. इन्शुलिनच्या फ्रिजला चौथरा. कल्याणला एका मेडिकलसाठी नऊ इंच रुंदीची शिडी, कारण दोन कपाटांमधली जागाच दहा इंच होती आणि बाकीच्या कारागिरांनी हात वर केले होते. तुझ्या आईला नवं पोळपाट. शेजारच्या दिशाला भिंतीत मिटणारं अभ्यासाचं टेबल. त्याचे पैसे घेतले नाहीत, पण दहावीला किती पडले ते येऊन सांगायचं असं कबूल करून घेतलंय. आणि एक बैठक. ही बैठक म्हणजे खुर्ची नाही, स्टूल नाही, बाकडंही नाही. तिला अजून नाव सापडलेलं नाही. या पत्रात तिचंच जास्त येणार आहे, तेव्हा कंटाळू नकोस.

यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. कोलशेतच्या कारखान्यात मी मालाची लाकडी खोकी ठोकायचो आणि तो बंद पडल्यावर भंगारात टाकलेलं एक शोकेस घरी आणून, उघडून, पुन्हा जोडून शिकलो, हे तू हजारदा ऐकलं आहेस. आज परत ऐक.

आता तुझा प्रश्न. तू तीनदा विचारलंस, "पप्पा, आमच्या कंपनीच्या ऑर्डरचं काय ठरलं?" पहिल्या वेळी मी नेटवर्क जातंय म्हटलं. दुसऱ्या वेळी मशीन चालू होतं. तिसऱ्या वेळी फोन आईच्या हातात दिला. खरं सांगायचं तर तिन्ही वेळा नेटवर्क चांगलं होतं. तुझ्या कंपनीची औषधांची नवी दुकानं ठाण्यापासून कल्याणपर्यंत उघडणार, त्यांची काउंटरं बनवायला तू बापाचं नाव सुचवलंस, तुझे प्रितम सर स्वतः गाळ्यावर येऊन काम बघून गेले, रक्कमही सांगून गेले. मी त्यांना उत्तर दिलेलं आहे. गेल्या बुधवारीच दिलं. ते मी या पत्रात अगदी शेवटी लिहिणार आहे. आधी लिहिलं तर मधलं तू वाचणार नाहीस, आणि मधलं वाचल्याशिवाय शेवटचं तुला पटणार नाही. फोनवर सांगायला गेलो तर तू "हां पप्पा, हां पप्पा" करतोस आणि मला वाटतं आपलं बोलून झालं. म्हणून हा कागद.

सुरुवात दिवाळीच्या आधी झाली. दीप्ती दुकानातून आली आणि कपडेसुद्धा न बदलता स्वयंपाकघराच्या दारात बसली. आईने टबात गरम पाणी, मीठ घालून आणलं. तिने पाय आत सोडले आणि डोळे मिटून "आई गं" म्हणाली ते अशा आवाजात, की मी पेपर खाली ठेवला.

"पायांचे भोपळे झालेत," आई म्हणाली. "सोड ती नोकरी."

"सोडतेच आहे. ऐरोलीला इंटरव्ह्यू आहे माझा."

"कसला?" मी विचारलं.

"हॉस्पिटलच्या बिलांवर कॉम्प्युटरमध्ये कोड टाकायचे. एसी, खुर्ची, शनिवार-रविवार सुट्टी."

"पण तुला तर दुकानातलं काम आवडतं ना?"

"आवडतं."

"मग?"

"पप्पा, पाय काय आवडीवर उभे राहतात?"

तुला तिथे राहून कल्पना नसेल, म्हणून लिहितो. तुझी बहीण सकाळी नऊला दुकानात उभी राहते ती रात्री नऊला सुटते. बाकीचे दोघं आळीपाळीने चहाला जातात, हिला जाता येत नाही. दुकानात फार्मासिस्ट हजर पाहिजे असा कायदा आहे, आणि फार्मासिस्ट ही एकटीच. म्हणजे जिच्याशिवाय दुकान चालत नाही तिलाच दुकानातून हलता येत नाही. डबा फ्रिजच्या मागे, झाकण फ्रिजवर ठेवून, उभ्याने. दोन घास झाले की कुणीतरी "मॅडम, याच्याऐवजी दुसरं काय देऊ?" असं विचारतो. बिल फाडणारे दुसरे आहेत, पण कागदावरचं औषध आणि माणसाच्या पोटात जाणारं औषध यांच्यामध्ये उभी हीच.

आणि तरी ती रात्री जेवताना जे सांगते ना, ते तू ऐकायला हवंस. एक आजी आल्या, दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या घेऊन. नावं वेगळी, औषध एकच, बीपीचं. आजी दोन्ही घेत होत्या आणि चक्कर येते म्हणून तिसऱ्या डॉक्टरकडे निघालेल्या. हिने तिथूनच पहिल्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एक गोळी बंद करायला सांगितली. आठवड्याने आजी अळूवड्या घेऊन हजर. "चक्कर गेली गं पोरी, आता वडी खा!" हे सांगताना दीप्तीचा चेहरा असा होतो, जसा माझा ड्रॉवर पहिल्या झटक्यात बसल्यावर होतो. म्हणून मी त्या रात्री म्हटलं, "एका खुर्चीसाठी हे सगळं सोडणार?"

"हो, खुर्चीसाठी. आणि हसू नका. तुमच्याच काउंटरचा प्रताप आहे."

"माझ्या काउंटरने काय केलं?"

"वरपासून खालपर्यंत ड्रॉवरच ड्रॉवर. मागे स्टूल ठेवलं तरी गुडघे कुठे घालू? कडेला तिरकं बसावं लागतं, पोलिस चौकीत बसतात तसं."

मला राग आला. एवढी वर्षं मी मेडिकलची काउंटरं बनवतोय, मालकांपैकी एकाने कधी तक्रार केलेली नाही. मी तसं बोललोही.

"मालक कशाला करतील?" दीप्ती म्हणाली. "ते गल्ल्यावर बसलेले असतात."

तुझी आई पदर तोंडाला लावून हसली. मी जेवण झाल्यावर गाळ्यावर गेलो, म्हटलं बिजागऱ्यांची मोजदाद राहिलीय. मोजदाद वगैरे काही नव्हती, हे तुझ्या आईला तेव्हाच कळलेलं.

आता बैठकीबद्दल नीट समजून घे. काउंटरच्या आतल्या बाजूला मधले दोन ड्रॉवर काढायचे. तिथे झाली गुडघ्यांची जागा. एका जाड लोखंडी हातावर फळी बसवायची, ती नको तेव्हा आत मिटते, हवी तेव्हा बाहेर ओढायची. उंची कमरेच्या थोडी खाली. फळी पुढच्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे माणूस पूर्ण बसत नाही आणि पूर्ण उभाही नसतो. वजन फळीवर, पाय खालच्या आडव्या पाइपवर. मुख्य गंमत अशी की चेहरा आधी होता त्याच उंचीवर राहतो. काउंटरच्या पलीकडून बघणाऱ्याला कळतच नाही की आत माणूस टेकलाय.

भावनाबेनला दाखवलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "जगनभाई, गिऱ्हाईक उभा नि फार्मासिस्ट बसेल? कसा दिसेल ते? नाय, असा नाय चालेल."

"दिसणारच नाही, बेन."

"नि माझे दोन ड्रॉवर? कापूस, बँडेज कुठे जाणार?"

"वर फ्रिजच्या बाजूला नवा खण करून देतो. त्याचे पैसे नकोत."

पैसे नकोत म्हटल्यावर त्या जरा मऊ झाल्या. "एक आठवडा ट्रायल हां. पसंत नाय पडला तर माझे ड्रॉवर परत लावून द्यायचे."

मी घरी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी दीप्तीला उभी करून माप घेतलं. एकदा नाही, तीनदा. प्लाय उत्तम, वर चकचकीत सनमायका, कोपरे गोल, हात फिरवला तर लोण्यासारखं. सोमवारी सकाळी बसवून दिली आणि मी समोरच्या बाकड्यावर बसून राहिलो, सहज आल्यासारखा.

एक गृहस्थ आले. "ताई, गॅसची गोळी द्या." दीप्ती ऐटीत टेकली. मग मला ती हळूहळू खाली जाताना दिसली. आधी खांदे गेले, मग हनुवटी, मग टिकली, आणि काउंटरवर फक्त खोकल्याच्या गोळ्यांची बरणी उरली.

"अहो, ताई कुठे गेल्या?" गृहस्थ घाबरले.

आतून आवाज आला, "आहे, आहे! चघळायची देऊ की गिळायची?"

भावनाबेनच्या हातातला चहा बशीत, बशीतला बिलबुकावर. गृहस्थ पण इतके हसले की म्हणाले, राहू दे, गॅस निघाला.

चूक अशी की घरात आपण सगळे अनवाणी. ओट्यापाशी मी माप घेतलं ते तिच्या उघड्या पायांचं. दुकानात ती जाड तळाचे बूट घालून उभी असते, म्हणजे फळी तिला दीड इंच खाली पडली. त्यात उतार आणि त्यात माझी ती लोण्यासारखी सनमायका. शाळेतली घसरगुंडी झाली. रत्नदीप, मी आयुष्यात मापात चुकलेला माणूस नाही, आणि चुकलो तो फिनिशिंग चांगलं केल्यामुळे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दीप्ती मात्र दोन पोळ्या जास्त जेवली आणि आईला तीन वेळा करून दाखवलं ती कशी खाली गेली ते.

दुसऱ्या दिवशी बुटांसकट माप घेतलं. सनमायका खरवडून काढली आणि बसच्या पायरीवर असतं तसं खाचांचं रबर चिकटवलं. उतार अर्ध्यावर आणला. त्या दिवसापासून ती फळी जशी बसलीय तशी आहे. एके दुपारी दीप्ती डबा खायला गेली, म्हणजे फ्रिजच्या मागेच, तर भावनाबेन म्हणाल्या, बघू तरी काय आहे. टेकल्या. दीप्तीचा डबा झाला, हात धुऊन झाले, तरी बेन तिथेच.

"बेन, उठा ना, माझी जागा आहे."

"अरे थांब ने जरा! एक पेशंटला मी देते औषध."

"तुम्ही फार्मासिस्ट नाही. मला देऊ दे, तुम्ही गल्ल्यावर जा."

"गल्ल्यावर पण एक अशी लागेल," असं म्हणून त्या उठल्या. आता गल्ल्यावर पण एक आहे. तिचे पूर्ण पैसे घेतले.

ऐरोलीच्या इंटरव्ह्यूला दीप्ती गेलेली. निवडही झाली. परत आली तेव्हा आईने साखर हातावर ठेवली, तर ही म्हणते, नाही सांगितलं.

"का गं?"

"खुर्ची फिरणारी होती, आई. मी दोनदा फिरून पण बघितलं. मस्त होती. पण हॉलभर माणसं बसलेली आणि कुणी कुणाला काही विचारतच नव्हतं. मला दिवसभर कुणी 'ताई, ही गोळी जेवणाआधी की नंतर' असं विचारलं नाही तर मी काय करू?"

"मग आता पाय?"

"आता पायांना मालक मिळालाय," ती माझ्याकडे बघून म्हणाली. तुझ्या बहिणीची जीभ तुला माहीतच आहे.

तिने त्या बैठकीचा व्हिडिओ तिच्या कॉलेजच्या फार्मासिस्ट लोकांच्या ग्रुपवर टाकला आणि माझा फोन तापायला लागला. पहिला फोन डोंबिवलीहून, कल्पिता म्हणून दीप्तीच्या वर्गातली मुलगी. "काका, मला सातवा महिना लागलाय. मालक म्हणतात जमत नसेल तर आत्ताच सोड. मला सोडायचं नाहीये." मी दुसऱ्या दिवशी सामान रिक्षात घालून स्वतः गेलो. तिच्यासाठी फळी वेगळी केली, मागे टेकायला गोल कड दिली आणि उतार जवळजवळ काढूनच टाकला. मालक कपाळाला आठ्या घालून बघत होते. मी त्यांना म्हटलं, "आवडलं नाही तर महिन्याने येऊन काढून नेतो, छिद्रंसुद्धा बुजवून देतो." काढून न्यायला अजून बोलावलेलं नाही. ती मुलगी नववा महिना लागेपर्यंत कामावर होती, आणि परवा तिच्याकडचे पेढे आले. मुलगी झाली आणि तरी बर्फी नाही, पेढे! आई म्हणाली, "तुमच्या फळीचा महिमा." मी म्हटलं, कल्पिताचा महिमा, फळी नुसती खाली होती. पण मला बरं वाटलं.

अशी कल्याणपर्यंत आता बऱ्याच दुकानांत फळी लागली आहे. लोक काउंटरपेक्षा तिच्यासाठी जास्त बोलावतात. प्रत्येक ठिकाणी मी आधी विचारतो, "बूट कोणते घालता?" लोकांना वाटतं म्हाताऱ्याला वेड लागलंय.

आता प्रितम सरांकडे येतो. लांबवून झालं तेवढं लांबवलं.

माणूस चांगला आहे, हे आधी लिहून ठेवतो. गाळ्यात आले तर भुशाला नाक मुरडलं नाही. उतरते खण स्वतः पुढे-मागे करून बघितले, जोडावर नख फिरवलं. म्हणाले, "रत्नदीपने सांगितलं होतं, पण मला वाटलं मुलगा आहे, वडिलांचं कौतुक करणारच. हे तर त्याने कमीच सांगितलं." रत्नदीप, हे वाक्य मी आईला घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि नंतर तिने ते मला दोनदा परत सांगितलं, जणू मी तिथे नव्हतो.

नमुन्याचं काउंटर मध्यभागी ठेवलं होतं, बैठकीसकट. आईने घरून पोहे पाठवलेले. खुर्ची एकच, तिच्यावर पॉलिशचे डबे. म्हटलं, सर, इथेच टेका. ते टेकले, पाय पाइपवर ठेवले, पँट जरा वर सरकली. आत कातडीच्या रंगाचे घट्ट मोजे, पार गुडघ्यापर्यंत. मेडिकलवाल्यांबरोबर एवढी वर्षं काढली, मला ते मोजे कशासाठी असतात ते कळतं. पायांच्या शिरा फुगल्या की डॉक्टर देतात. मी बघितलं आणि नजर पोह्यांकडे वळवली. विचारलं एवढंच, "सर, तुम्ही पूर्वी काउंटरवर होतात का?"

"आठ वर्षं. त्यानंतर ऑफिसात आलो." मग हसून म्हणाले, "आम्ही पण उभेच राहिलो की. काही झालं नाही."

मी त्यांना आणखी पोहे वाढले. त्यांनी पँट खाली ओढली.

पोहे झाल्यावर कामाचं बोलले. काउंटर पसंत, खण पसंत, लाकूड पसंत, भाव पसंत. "फक्त ही सीट काढा, जगनजी. आमच्याकडे स्टाफ उभा असतो. कस्टमरला फ्रेश वाटतं."

"कस्टमरला दिसतच नाही, सर. आत्ता तुम्ही टेकला होतात, मला समोरून उभेच दिसत होतात."

"ते खरं. पण कॅमेऱ्यात दिसतं ना. वर विचारतात, हा बसला का?"

"बरं, सीटचे पैसे धरू नका. ती माझ्याकडून फुकट."

"फुकटही नको हो." त्यांना वाईट वाटत होतं, मला दिसत होतं. "आणि ती खालची मोकळी जागा आहे ना, तिथे ड्रॉवर घ्या. जागा वाया जाते."

"ती गुडघ्यांची जागा आहे, सर."

"माहीत आहे," ते म्हणाले. मग फळी आत ढकलत, "वरून ठरतं, जगनजी. माझ्या हातात नाही."

मी आठ दिवस मागून घेतले. खरं तर सही तिथेच करायला हवी होती. कारण तुला माहीत आहे, आपल्या गाळ्याचा मालक गाळा विकायला काढतोय, आणि पहिला हक्क मला देतो म्हणालाय. या एका कामात गाळा आपला झाला असता. हे तू मनात धरूनच माझं नाव सुचवलंस, हे न कळण्याइतका तुझा बाप भोळा नाही. तू फोनवर कधी बोलला नाहीस त्याबद्दल. मीही नाही.

त्या आठ दिवसांत मी एक काउंटर त्यांच्या नमुन्याप्रमाणे करून बघितलं. ड्रॉवर खालपर्यंत, गच्च, जागा कुठे वाया नाही. दिसायला देखणं झालं. मग मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. सकाळपासून दुपारच्या जेवणाचे डबे उघडेपर्यंत उभा राहिलो. कामगार विचारायला लागले, "मामा, काय हरवलं का?"

तुझ्या आजोबांची एक गोष्ट तुला कदाचित सांगितलेली नाही. गावी ते खोताच्या अंगणात उभे राहूनच बोलायचे. बस म्हणायची रीत नव्हती. मुंबईत गोदीत लागल्यावर त्यांनी पहिली वस्तू आणली ती लोखंडी घडीची खुर्ची. घरात भांडी पुरेशी नव्हती तेव्हा. आणि दाराशी कुणीही येवो, पोस्टमन, दूधवाला, वर्गणीवाला, ते म्हणायचे, "आधी बस, मग बोल." पोस्टमनला घाई असायची, तोही टेकायचा. मी लहानपणी वैतागायचो, कारण मला कधी त्या खुर्चीवर बसायलाच मिळायचं नाही. एवढंच. त्यावर मी काही लांबलचक लिहीत नाही, तू शहाणा आहेस.

दीप्तीला या ऑर्डरचं मी सांगितलेलंच नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "घ्या पप्पा, वेडे आहात का? माझी फळी तर लागली." ती तसं म्हणेल म्हणूनच नाही सांगितलं. आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "गाळा भाड्याचा राहील."

"राहील."

"तुम्हाला झोप लागेल का?"

"लागेल."

"मग झालं," ती म्हणाली. "पण रत्नदीपला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. त्याने पहिल्यांदा आपल्यासाठी काहीतरी आणलं होतं."

आई बोलली त्यापुढचं मला बोलता येत नाही, म्हणून हे पत्र एवढं लांबलं. तू कौतुकाने माझं नाव घेऊन मोठ्या माणसांसमोर गेलास, त्यांना इथपर्यंत आणलंस, आणि मी ते ताट परत पाठवलं. तुला ऑफिसात चार माणसं विचारतील, तुझा बाप असा कसा. त्यांना सांग, तो असाच आहे, शिकलेला नाही, स्वतःच्या मनाने शिकलेला आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या मनाने चुकायचं त्याला जमत नाही. प्रितम सरांना मी स्पष्ट सांगितलंय की यात रत्नदीपचा काही संबंध नाही, त्याला माहीतही नाही. ते म्हणाले, "मी समजू शकतो." आणि काय म्हणाले ऐक. "जगनजी, एक सीट माझ्या घरी बसवून द्याल का? ओट्यापाशी. मिसेस उभ्यानेच स्वयंपाक करते." मी म्हटलं, येतो. पण मिसेस घरात चप्पल घालतात का, ते विचारून ठेवा.

मी रागावून नाही म्हटलेलं नाही, हे तू लक्षात ठेव. उलट त्या संध्याकाळी मी तुझ्या आईला घेऊन खाडीवर फिरायला गेलो, भेळ खाल्ली, आणि घरी येऊन दीप्तीबरोबर पत्त्यांत हरलो. इतका हलका मी बऱ्याच वर्षांत झालो नव्हतो. एप्रिलमध्ये जयंतीला तू येशीलच. मनात काही असेल तर तेव्हा तोंडावर बोल. मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही, प्रयत्न तरी करीन.

आता ते शेवटचं. गोलमाल नको, बापलेकांत सगळं नीट लिहिलेलं असावं, म्हणून जसं बोलणं झालं तसंच लिहितो. ठाणे ते कल्याण, तुझ्या कंपनीची शेहेचाळीस दुकानं. प्रत्येक दुकानाला एक काउंटर, ड्रॉवर जमिनीपर्यंत, बसायची सोय नाही, गुडघ्यांना जागा नाही. दर काउंटरमागे पंचावन्न हजार, एक तृतीयांश आगाऊ. एकूण पंचवीस लाख तीस हजार रुपये.

एवढ्याला नाही म्हणणारा,
तुझा बाप,
जगन गमरे